उरीम-थुम्मीम: अक्षरं उजळायची म्हणजे नेमकं काय व्हायचं?

शिलालेख (धागाकर्ता)
यहुदी महायाजकाच्या छातीवर बारा रत्नांचा ऊरपट असायचा आणि त्याच्याकरवी देवाला प्रश्न विचारता यायचा, एवढं पुष्कळांना ठाऊक असतं. पुढे गाडी अडते. कराराच्या कोशाबद्दल (दहा आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पेटी) बोलायला सगळे एका पायावर तयार (सिनेमाची कृपा), ऊरपटाचं मात्र 'रत्नं चमकायची' इतक्यावर भागवतात. म्हणून हा धागा.

वस्तू आधी. बायबलातल्या निर्गम २८ मध्ये वर्णन आहे, मापांचा खुलासा धर्मशास्त्री रांबामने (मायमोनिडीस, ११३८–१२०४) केलाय. कापड एक हात लांब, एक वीत रुंद. मधोमध दुमडलं की वीतभर चौकोन होतो आणि आत खिसा तयार होतो. दर्शनी बाजूला सोन्याच्या कोंदणात रत्नांच्या चार ओळी, ओळीत तीन. प्रत्येक रत्नावर इस्राएलच्या एकेका वंशाचं नाव. खिशात उरीम व थुम्मीम. ते काय होतं हे मूळ ग्रंथ सांगतच नाही. बाकी प्रत्येक वस्तूला 'कर' असा हुकूम आहे, इथे नुसतं 'ठेव'. राशी या भाष्यकाराच्या (१०४०–११०५) मते तो देवाच्या नावाचा लेख होता, दुमडीत ठेवलेला. त्याच्या बळावर ऊरपट बोलका व्हायचा.

विचारायची रीत तालमूदाच्या (रब्बींच्या, म्हणजे यहुदी धर्मपंडितांच्या, चर्चांचा ग्रंथ) योमा भागात ७१ ते ७३ या पानांवर आहे. राजा, न्यायसभेचा प्रमुख किंवा ज्याच्यावर समाजाचं काम अडलंय असा माणूस, एवढ्यांनाच विचारता येई. खाजगी कामाला बंदी. याजकाच्या अंगावर आठही वस्त्रं हवीत. याजकाचं तोंड कोशाकडे, विचारणारा त्याच्या पाठीमागे. आवाज मोठा नको, मनातल्या मनातही नको. हन्नाने (शमुवेल संदेष्ट्याची आई) प्रार्थना केली तसा, ओठांतल्या ओठांत. एका वेळी एकच प्रश्न.

आता मुद्दा. उत्तर कसं यायचं याबद्दल तिथे दोन रब्बींची दोन मतं आहेत. योहानान म्हणतो, हवी ती अक्षरं जागच्या जागी उठून दिसायची. रेश लाकीश म्हणतो, ती एकमेकांना जोडली जायची. माझं मत असं की दोघांचंही लक्ष रत्नांवर आहे, आणि नोंदवलेल्या फजित्या पाहिल्या तर एकीतही दोष रत्नांकडे जात नाही. एकतर प्रश्न चुकलेला, नाहीतर वाचणारा. तुम्हाला काय वाटतं?

उनाड_मांजर
आधी एक बाळबोध शंका. बारा नावांत हिब्रूची सगळी अक्षरं येतात का? नसतील तर अर्धी उत्तरं अडकूनच बसणार की.

मोडीमास्तर
शंका अजिबात बाळबोध नाही, तालमूदात हीच विचारलीय. २२ अक्षरांपैकी ४ बारा नावांत नाहीत: हेथ, टेथ, त्सादे आणि कोफ. म्हणून वर अब्राहाम, इसहाक, याकोब ही नावं कोरली होती असं उत्तर दिलंय. त्यातला एकटा इसहाक तीन अक्षरं भरून काढतो, कारण हिब्रूत तो योद-त्सादे-हेथ-कोफ असा लिहितात. उरलेल्या टेथसाठी 'शिव्ते येशुरून', म्हणजे येशुरूनचे (इस्राएलचंच काव्यमय नाव) वंश, हे शब्द. रांबाम तिथे 'शिव्ते याह' असा पाठ देतो. टेथ दोन्हीकडे आहेच.

मांडणीवर नंतरच्या भाष्यकारांनी केलेला हिशेब मला फार आवडतो. बारा नावांची अक्षरं ५०. तीन पूर्वजांची ५, ४, ४ मिळून १३. 'शिव्ते येशुरून' एका वावशिवाय, आखूड लिहिलं तर ९. एकूण ७२, म्हणजे दर रत्नावर बरोबर ६. रऊबेनची स्वतःची ५, त्याला अब्राहामचं पहिलं अक्षर. शिमोनला दुसरं. लेवीची ३, त्याला अब्राहामची उरलेली ३. यहूदाला इसहाकाचं पहिलं अक्षर. दानची जेमतेम २, त्याला ४ जोड: इसहाकाची ३ आणि याकोबचं पहिलं. असं करत योसेफला २ मिळतात आणि बन्यामीनची स्वतःचीच ६ असल्यामुळे त्याला काही लागत नाही. अट एवढीच की जबुलून ५ अक्षरी घ्यायचा आणि बन्यामीन दोन योद देऊन ६ अक्षरी. एकाचं शुद्धलेखन बदललं की सगळा ताळेबंद कोसळतो.

आणि ७२ म्हटल्यावर कब्बालावाले (यहुदी गूढवादी) गप्प कसे बसतील! निर्गम १४ मधली १९, २०, २१ ही तीन वचनं प्रत्येकी ७२ अक्षरांची आहेत. पहिलं सुलट, दुसरं उलट, तिसरं पुन्हा सुलट लिहून उभी त्रिकं वाचली की ७२ नावांचं नाम तयार होतं. ते नाम आणि ऊरपट यांची सांगड मग घातली गेलीच.

कापूसकोंड्या
दानला दोनच अक्षरं मिळाली आणि भाडेकरू चार. पागडीची खोली दिसतेय.

जोहरी_गल्ली
कोरण्याबद्दल लिहितो, कारण तिथे खरी अडचण आहे. मूळ वचनात एकीकडे 'मुद्रेसारखं कोरीव' असं आहे आणि दुसरीकडे रत्नं 'भरीव', म्हणजे काही न घटलेली हवीत. कोरलं की कण उडणार. दोन्ही अटी एकदम पाळायच्या कशा? तालमूदाच्या सोता भागात ४८ व्या पानावर तोडगा आहे: शाईने नावं लिहायची, मग शामीर नावाचा बार्लीएवढा प्राणी वरून दाखवायचा. शाईच्या रेघेवर दगड आपोआप भेगाळतो, पण कण पडत नाही. शामीर ठेवायचा लोकरीच्या बोळ्यात गुंडाळून, सातूच्या कोंड्याने भरलेल्या शिशाच्या डब्यात. दुसऱ्या कशात ठेवला तर भांडंच फुटतं.

शामीर बाजूला ठेवला तरी दगडांची ओळख हा घोळ आहेच. आजच्या हिब्रूत याहालोम म्हणजे हिरा आणि साप्पीर म्हणजे नीलम. पण त्या काळच्या हत्यारांनी हिरा कोरणं अशक्यच, आणि नीलमाची कठिणता मोहस मापावर ९. साप्पीर म्हणजे लाजवर्द असावा हे मत जास्त पटतं. तो ५ ते ५.५ वर येतो, आरामात कोरला जातो. ओदेम लाल, हे सगळ्यांना मान्य. माणिक की अकीक यावर वाद. मला अकीक वाटतो, मुद्रा कोरायला जुन्या काळी तोच सर्रास वापरत.

वर वंशांच्या क्रमातही एकमत नाही. रांबाम जन्मक्रम लावतो, म्हणजे पाचवं रत्न साप्पीर दानकडे जातं. बायबलातल्या गणना ग्रंथावरचा मिद्राश (जुनं भाष्य) लेआची (याकोबची पहिली बायको) सहा मुलं आधी घेतो, त्यामुळे तेच साप्पीर इस्साखारकडे. कोणी प्रतिकृती करायला बसला तर पहिली चार रत्नं बिनघोर बसवेल, पाचव्यावर हात थबकणार.

विणकरी
रत्नांच्या नादात कापड विसरू नका. सोनं, निळं, जांभळं, किरमिजी आणि तलम सण. रीत अशी: निळ्या लोकरीच्या ६ तारा आणि सोन्याची १, असा ७ तारांचा पीळ. तसंच जांभळ्याचं, किरमिजीचं, सणाचं. हे चारही एकत्र पिळले की २८ तारांचा एक दोरा. सोन्याची तार ओढून काढत नसत. निर्गम ३९ मध्ये स्पष्ट आहे की पत्रा ठोकून पातळ करायचा आणि कातरून तारा काढायच्या.

गंमत म्हणजे लोकर आणि सण एकत्र वापरायला सामान्य यहुद्याला सक्त मनाई, आणि महायाजकाच्या छातीवर नेमकं तेच मिश्रण.

बसवण्याची पद्धतही बघा. वरच्या दोन कोपऱ्यांच्या कड्यांतून सोन्याच्या पिळाच्या साखळ्या खांद्यावरच्या कोंदणांना. खालच्या दोन कड्यांतून निळी दोरी एफोदाच्या (ऊरपटामागचं एप्रनसारखं वस्त्र) कड्यांना, पट्ट्याच्या वर. खाली दोरी नसेल तर वाकताना ऊरपट लोंबेल, एफोदापासून सुटेल. तो सुटता कामा नये हा वेगळा नियम आहे आणि मुद्दाम सोडवणाऱ्याला फटक्यांची शिक्षा.

प्रमेय
सगळं वाचलं. कौतुकही वाटलं. पण हा तपशील तालमूदकारांचा आहे आणि त्यांच्यापैकी कुणीही ऊरपट पाहिला नव्हता. जुन्या कथा नुसत्या वाचल्या तर वेगळंच चित्र दिसतं. १ शमुवेल १४:४१ चा ग्रीक पाठ हिब्रूपेक्षा लांब आहे. त्यात राजा शौल म्हणतो: दोष माझ्यात किंवा योनाथानात असेल तर उरीम दे, लोकांत असेल तर थुम्मीम दे. म्हणजे दोन चिठ्ठ्या, सरळ हो-नाही. हिब्रू पाठात एका शब्दापासून पुढच्या त्याच शब्दापर्यंत नक्कलकाराची नजर घसरली आणि मधला मजकूर गळाला, असं बरेच अभ्यासक मानतात. पोथ्यांत ही चूक नेहमीची.

रत्नं उजळण्याचा जुना उल्लेख शोधायचा तर यहुदी इतिहासकार योसेफस सापडतो, पहिल्या शतकाच्या शेवटाला. तो म्हणतो, युद्धाआधी रत्नं झळाळली की विजय नक्की. आणि ही झळाळी आपल्या लिखाणाच्या २०० वर्षं आधी थांबली. त्यात अक्षरांचा पत्ताच नाही.

शिलालेख
चिठ्ठीवाला सिद्धांत मलाही मोहात पाडतो, पण दोन ठिकाणी तो कुचंबतो. एक, मौन. १ शमुवेल १४:३७ मध्ये शौलाला त्या दिवशी उत्तरच येत नाही, आणि २८:६ मध्ये स्वप्नं, उरीम, संदेष्टे, तिन्ही बंद. दोन चिठ्ठ्यांतली एक ओढली तर काहीतरी हाताला लागतंच. 'उत्तर नाही' यायला तिसरी कोरी चिठ्ठी हवी, नाहीतर दोन बाजूंचे दोन ठोकळे हवेत, दोन्ही जुळले तरच उत्तर धरायचं.

दुसरं, लांब उत्तरं. २ शमुवेल ५:२३ मध्ये शौलानंतरच्या राजाला, दावीदाला, सांगितलं जातं: समोरून जाऊ नकोस, वळसा घालून मागून जा, झाडांच्या शेंड्यांवर पावलांचा आवाज आला की हल्ला कर. हो-नाहीने एवढं काढायचं तर प्रश्नांची रांग लावावी लागेल.

प्रमेय
त्या वचनात उरीमचं नाव नाही, नुसतं 'परमेश्वराला विचारलं' आहे. संदेष्ट्यामार्फतही विचारलं असेल.

शिलालेख
मान्य. पण २ शमुवेल २:१ मध्ये कुठल्या नगरात जाऊ याला आलेलं 'हेब्रोनास' हे उत्तर तरी हो-नाही नाही.

प्रमेय
गावांची यादी घेऊन एकेक विचारलं तर निघेल. शौलाला राजा निवडला तेव्हा आधी वंश, मग कूळ, मग माणूस अशाच चिठ्ठ्या टाकल्या होत्या.

कापूसकोंड्या
इथे रेश लाकीश आणि योहानान प्रत्यक्ष भांडताहेत. मी खारे दाणे घेऊन बसलोय.

मोडीमास्तर
भांडण चालू द्या. मी धागाकर्त्याच्या फजित्यांच्या मुद्द्यावर येतो, कारण चिठ्ठी असो वा अक्षरं, त्या दोन्हीकडे लागू पडतात.

कईला. शौलापासून पळणारा दावीद या गावात दोन प्रश्न एकदम विचारतो, तेही उलट क्रमाने: इथले लोक मला शौलाच्या हवाली करतील का? शौल येईल का? उत्तर येतं फक्त 'येईल'. एका वेळी एक हा नियम मोडला, म्हणून एकालाच उत्तर. आणि उत्तर मिळालं ते आधी विचारायला हवा होता त्या प्रश्नाला. शौल आलाच नाही तर हवाली करण्याचा सवालच येत नाही. दावीदाच्या लक्षात येतं, तो पहिला प्रश्न पुन्हा विचारतो, उत्तर येतं 'करतील', आणि तो माणसं घेऊन निघून जातो. सिकलागला मात्र दोन प्रश्नांना एकदम उत्तर मिळतं: पाठलाग कर, गाठशील, सोडवशील. तालमूद म्हणतो, बायकामुलं पळवून नेली होती, घाईची वेळ, म्हणून सवलत.

गिबा. शास्ते २०. बन्यामीन वंशाविरुद्ध बाकी इस्राएलची लढाई. पहिला प्रश्न: आधी कोणी जावं? उत्तर: यहूदाने. गेले आणि २२,००० पडले. दुसरा: पुन्हा जाऊ का? उत्तर: जा. १८,००० पडले. तिसऱ्यांदा उपास करून, कोशासमोर विचारलं, तेव्हा 'उद्या तुमच्या हाती देईन' असं आलं आणि जिंकले. उरीमचा शब्द फिरत नाही असं म्हणतात, मग पहिल्या दोनदा काय झालं? तालमूदाचं उत्तर रोखठोक आहे: जिंकू की हरू हे त्यांनी विचारलंच नव्हतं.

एली आणि हन्ना. ही विल्नाच्या गाओनच्या (अठराव्या शतकातला मोठा पंडित) नावावर सांगतात. हन्नाचे ओठ हलताना पाहून याजक एलीने ऊरपटाकडे पाहिलं. शीन, काफ, रेश, हे ही चार अक्षरं उजळली. त्याने ती 'शिक्कोरा' अशी लावली, म्हणजे झिंगलेली. लावायची होती 'केशेरा', म्हणजे सचोटीची. काहींच्या मते 'के-सारा', म्हणजे सारेसारखी, मूल नसलेली. अक्षरं बरोबर, क्रम चुकला. रांबान (भाष्यकार, ११९४–१२७०, हा शेवटी न-वाला, वरच्या म-वाल्याशी गल्लत नको) नेमकं हेच समजावतो: दुमडीतली काही नावं अक्षरं उजळवत, ती उरीम. दुसरी नावं याजकाच्या मनात ती नीट जुळवून देत, ती थुम्मीम. नुसतं उजळून भागत नाही. त्याचं उदाहरण 'यहूदा याले', यहूदा वर जाईल. यहूदा हे नाव सबंध उजळलं, बाकी अक्षरं इतर रत्नांवरून आली. ती कुठल्या क्रमाने घ्यायची हे दगड सांगत नाहीत.

उनाड_मांजर
म्हणजे ज्याच्या मनात थुम्मीम चालत नाही तो याजक निरुपयोगी?

मोडीमास्तर
अगदी. योमा ७३ वरच आहे: ज्या याजकावर शेखिना (देवाचं सान्निध्य) नाही त्याच्याकडून विचारायचं नाही. सादोकाने विचारलं, मिळालं. अब्याथाराने विचारलं, मिळालं नाही. आणि हा अब्याथार कोण, तर नोबमध्ये ८५ याजकांची कत्तल झाली तेव्हा एफोद हातात घेऊन निसटलेला, कईला-सिकलागला दावीदाला उत्तरं काढून देणारा. वस्तू तीच.

कापूसकोंड्या
अवांतर: अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या मानचिन्हावर हिब्रूत 'उरीम व थुम्मीम' लिहिलंय. ज्याच्या नावाचं ते विद्यापीठ तो एलिहू येल मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्जचा गव्हर्नर होता, १६८७ ते १६९२. तिथल्या विद्यार्थ्यांनी परीक्षेत विचारून बघावं. एका वेळी एकच प्रश्न!

सांजवात
धाग्याला थोडा फाटा फोडते. 'पवित्र अवशेष' म्हटलं की आपल्याकडे गोव्याचं बॉम जेझू आठवतं, सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव आणि दर दहा वर्षांनी होणारं दर्शन. यहुदी परंपरेत याचा मेळ बसत नाही. प्रेत हा तिथे अशुद्धतेचा सर्वांत मोठा उगम. गणना १९ प्रमाणे स्पर्श झाला की सात दिवस विटाळ, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी राखेच्या पाण्याचं शिंपण. याजकाने तर जवळच्या नातलगांखेरीज प्रेताजवळ जायचंच नाही. त्यामुळे हाड, केस, रक्त जपण्याची प्रथा रुजली नाही. कबरीवर जायची प्रथा आहे, इस्राएलात मेरोनला रब्बी शिमोन बार योहाईच्या कबरीवर लाग बाओमेरच्या सणाला मोठी गर्दी होते. गूढवादी इसहाक लुरियाच्या (१५३४–१५७२) साफेदच्या मंडळात तर कबरीवर आडवं पडून ध्यान करायची रीत होती. पण कबर उघडायची नाही.

जपतात ते लिहिलेलं. तालमूदाच्या मेगिला भागात २६ व्या पानावर स्वच्छ वर्गवारी आहे. तोराच्या (मोशेचे पाच ग्रंथ) गुंडाळीची पिशवी, आवरण, तेफिलीनची, म्हणजे प्रार्थनेवेळी कपाळाला-हाताला बांधायच्या वचनांची, चामडी पेटी: ही पावित्र्याची साधनं, जीर्ण झाली तरी फेकायची नाहीत, गेनिझात (जीर्ण लिखाण साठवायची कोठी) ठेवायची किंवा पुरायची. शोफार (शिंगाचं वाद्य), लुलाव (सणाला हातात धरायची खजुराची पात), सुक्काची (सणाचा मांडव) फांदी: ही आज्ञेची साधनं, काम झालं की टाकली तरी चालतात. फरक एवढाच की पहिल्यांनी लिहिलेलं नाव अंगाखांद्यावर वागवलेलं असतं. कैरोच्या बेन एझ्रा सिनेगॉगच्या गेनिझात शतकानुशतकांचे कागद साठले ते याच सवयीमुळे. हिब्रू अक्षरं दिसली की वाण्याची यादीसुद्धा आत.

ऊरपट तिथे चपखल बसतो. रत्नं मौल्यवान असतील, पण वजन कोरलेल्या नावांना आणि दुमडीतल्या लेखाला.

विणकरी
वाचनखूण साठवली. पावित्र्य आणि आज्ञा हा फरक पहिल्यांदाच इतका स्पष्ट कळला.

नाममात्र
उरीम बंद पडल्यावर काय, हे कोणी घेतलं नाही. मिश्ना (तालमूदाचा जुना गाभा) म्हणते आधीचे संदेष्टे गेले आणि उरीम थांबले. तोसेफ्ता (तिची पुरवणी) म्हणते हाग्गय, जखऱ्या, मलाखी गेल्यावर पवित्र आत्मा थांबला, पण बात कोल, आकाशवाणीचा पडसाद, ऐकू येत राहिला. आणि त्या पडसादाला किती किंमत द्यायची यावर लगेच वाद. हिल्लेल आणि शम्मई या पंडितांच्या घराण्यांचा तीन वर्षांचा वाद बात कोलने हिल्लेलच्या बाजूने मिटवला. तर अखनाईच्या भट्टीच्या (ती विटाळते की नाही) वादात रब्बी एलिएझेरच्या बाजूने झाड हललं, ओढा उलटा वाहिला, भिंती कलल्या, वर बात कोलही झाला. रब्बी येहोशुआ उठून म्हणाला, 'ती (तोरा) स्वर्गात नाही', आणि मत बहुमताने गेलं.

तरी विचारणारे थांबले नाहीत. १२०० च्या सुमारास फ्रान्समध्ये मार्वेजचा याकोब झोपण्याआधी स्वर्गाला शास्त्रार्थ विचारायचा आणि मिळालेली उत्तरं लिहून ठेवायचा. तेफिलीनमधल्या चार चिठोऱ्यांचा क्रम राशीचा बरोबर की त्याच्या नातवाचा, हे त्याने विचारलं. उत्तर आलं: दोन्ही जिवंत देवाचे शब्द, आणि खाली जसा वाद आहे तसाच वरही आहे, देव एका बाजूला, स्वर्गातली सगळी सेना दुसऱ्या बाजूला!

कब्बालावाला अबुलाफिया (जन्म १२४०) तर थेट अक्षरांकडेच वळतो. रात्र, पुष्कळ दिवे, पांढरे कपडे, तल्लीत (प्रार्थनेची शाल), तेफिलीन, शाई आणि बोरू. अक्षरांचे क्रम आधी लिहून फिरवायचे, मग उच्चारून, ठरावीक श्वास आणि मानेच्या हालचालीसह, शेवटी फक्त मनात. धोक्याची सूचनाही देतो: अक्षर त्याच्या जागेवरून चुकीचं हललं तर ज्या अवयवाशी त्याचा संबंध तो अवयवच बिघडेल. ऊरपट नाही, याजक नाही, तरी जुळवणी तीच.

उतरत्या पायरीवर 'गोराल हाग्रा' आहे, विल्नाच्या गाओनच्या नावाची चिठ्ठी: पवित्र ग्रंथाची पानं ठरावीक रीतीने उघडत वचनापर्यंत पोचायचं. १९४८ मध्ये गुश एत्झिओनकडे जाताना मारल्या गेलेल्या ३५ जणांपैकी १२ जणांची ओळख पटली नव्हती. जेरुसलेमचे रब्बी आर्ये लेविन यांनी या पद्धतीने त्यांची थडगी ठरवली. प्रत्येक थडग्यासाठी वचन काढून त्यात नावाचा धागा शोधायचा. पुन्हा वाचणाराच.

शनवार_तेली
नाममात्र, सोळाव्या शतकातल्या योसेफ कारोला कसं सोडलंत? शुल्हान आरूख या नियमग्रंथाचा कर्ता, आजही घरोघर ज्याच्या नियमावर स्वयंपाक चालतो तो, रात्री त्याच्या तोंडून माग्गिद नावाचा स्वर्गीय दूत बोलायचा. 'मी मिश्ना आहे' असं सांगायचा, कारण कारो मिश्ना तोंडपाठ घोकायचा. शावुओत सणाच्या रात्री सोबत बसलेल्या शलोमो अल्काबेझने तो आवाज ऐकून पत्र लिहिलं. आवाजाची तक्रार काय, तर तुम्ही दहा जण असतात तर आणखी वर चढला असतात. दुसऱ्या रात्री दहा जमवले. बाकी माग्गिद खाण्यापिण्यावरून टोकत असे: मांस कमी, वाईन कमी.

आणि धाग्याच्या विषयाला धरून: माग्गिदने त्याला वचन दिलं होतं की शलोमो मोल्खोसारखं (मांतुआ, १५३२) तुलाही जाळून हौतात्म्य मिळेल. कारो १५७५ मध्ये साफेदला म्हातारा होऊन वारला. लुरियाचा शिष्य हायिम विताल (१५४२–१६२०) याने याचं शास्त्र सांगितलंय. माग्गिद हा माणसाच्याच अभ्यासातून आणि कर्मातून घडलेला देवदूत असतो. त्या अभ्यासात भेसळ असेल तर दूतही खऱ्यात खोटं मिसळतो. खरा ओळखायचा तर एकही शब्द वाया जाता कामा नये आणि सांगितलेलं सगळं घडलं पाहिजे.

विताल याच्याही वर संदेष्टा एलियाहूचं दर्शन ठेवतो. आणि इथे आपल्या कोकणाचा संबंध येतो. एलियाहू मेला नाही, अग्निरथातून गेला, म्हणून तो परत येऊ शकतो. अलिबागजवळच्या खंडाळ्याला बेने इस्राएल (कोकणातले यहुदी) मानतात की तो तिथे उतरून वर गेला. खडकावर रथाच्या खुणा दाखवतात. तू बिश्वातला (झाडांचा सण) तिथे जायचं, त्याला एलियाहू हन्नाबीचा उरूस म्हणतात. फरक लक्षात घ्या: साफेदला एलियाहू गूढ अर्थ सांगायला येतो, कोकणात नवसाला पावायला.

उनाड_मांजर
त्या नवसाचा मलिदा असतो तोच ना? ताटात काय काय लागतं?

शनवार_तेली
भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, बदाम-बेदाणे, वर फळं, पाच प्रकारची, आणि गुलाब. पोहे जाड घ्यायचे, धुऊन निथळायचे. पाण्यात ठेवले तर लगदा होतो. खोबरं आणि साखर शेवटी, नाहीतर पाणी सुटतं. फळांवरचे आशीर्वाद वेगळे: खजुराला झाडाच्या फळाचा, केळ्याला जमिनीच्या फळाचा, कारण केळीचं खोड दरवर्षी मरतं, ते झाड धरत नाहीत. हा केळ्याचा नियम शुल्हान आरूखमध्ये आहे. म्हणजे खंडाळ्याच्या ताटातही कारो आहेच.

जोहरी_गल्ली
धागा रत्नांवरून केळ्यांवर आलेला पाहून धन्य झालो.

प्रमेय
मूळ प्रश्नाकडे येतो. रांबामचं वाक्य कुणी पुरतं दिलं नाही. मंदिराच्या साधनांच्या नियमांत, दहाव्या अध्यायात तो म्हणतो: प्रश्न विचारताच पवित्र आत्मा याजकाला वेढतो, तो ऊरपटाकडे पाहतो आणि संदेष्ट्याच्या दृष्टीने त्याला 'जा' किंवा 'जाऊ नको' हे अक्षरांत, ऊरपटातून आपल्या चेहऱ्याकडे उठून आलेलं दिसतं. 'संदेष्ट्याच्या दृष्टीने' हे महत्त्वाचं. शेजारी उभ्या असलेल्याला काही दिसलं असतं असं तो म्हणत नाही. रांबानचं उजळणं अधिक डोळ्यांनी दिसणारं आहे. चिठ्ठीचा आग्रह मी सोडत नाही, पण परंपरेच्या आतून पाहिलं तर रांबामच्या मांडणीत धागाकर्त्याचं मत जवळपास तसंच आहे.

शिलालेख
मग एक उपप्रश्न. तालमूदात दुसऱ्या मंदिरात नसलेल्या पाच गोष्टी मोजल्यात, त्यात उरीम-थुम्मीम आहे. एज्रा २:६३ मध्ये वंशावळ न सापडलेल्या याजकांना 'उरीम-थुम्मीमसह याजक उभा राहीपर्यंत' पवित्र अन्न खाऊ नका असं सांगितलंय. मग दुसऱ्या मंदिरातला महायाजक ऊरपट घालायचा की नाही? एक वस्त्र कमी पडलं तर सेवा बाद होते.

प्रमेय
घालायचा. रांबाम म्हणतो आठ वस्त्रं पुरी व्हावीत म्हणून तेव्हाही उरीम-थुम्मीम केले होते, फक्त त्यांच्याकडून विचारत नसत, कारण पवित्र आत्मा नव्हता. त्याचा समकालीन टीकाकार राआवाद तिथेच आक्षेप घेतो: उरीम-थुम्मीम हे वस्त्र नव्हेच. ऊरपट घातला की आठ भरले, आत काही असो वा नसो.

विणकरी
राआवादच्या बाजूने एक: आठांच्या यादीत कुठेही उरीमची वेगळी मोजणी नाही. अंगरखा, विजार, फेटा, कमरबंद, झगा, एफोद, ऊरपट, कपाळपट्टी. झाले आठ.